पुंगळी, पाना आणि परिभाषा



परकीय शब्दांचे आदान या विषयावरच्या तुमच्या उत्तरपत्रिका तपासताना मला नेहमी तीच उदाहरणे भेटतात : टेबल, स्टेशन, पगार, बटाटा. उदाहरणे बरोबर असतात, गुणही मिळतात. पण उत्तर लिहिणारा विद्यार्थी दिवसा कारखान्यात, बस आगारात, रुग्णालयात किंवा शिलाईच्या दुकानात काम करीत असतो. तिथे तो जे शेकडो शब्द सहज वापरतो, त्यांतला एकही उत्तरपत्रिकेत उतरत नाही. संपर्कसत्रात कारण विचारले, तर उत्तर ठरलेले असते : "मॅडम, ती कामावरची भाषा. ती मराठी थोडीच?" या 'थोडीच'विषयी मला तुमच्याशी बोलायचे आहे. त्यासाठी मी तुम्हाला पनवेलमधल्या आमच्या इमारतीच्या वाहनतळावर, एका मोटारीखाली नेणार आहे.

आमची पेट्रोलवर चालणारी मोटार बारा वर्षांची आहे. गेल्या पावसाळ्यानंतर तिचा मागचा सायलेन्सर फुटला. खरे म्हणजे तो सडला होता, आणि तोही आतून. पेट्रोल जळताना धुराबरोबर पाण्याची वाफही तयार होते. गाडी लांबच्या प्रवासाला गेली, तर सायलेन्सर पुरेसा तापतो आणि ही वाफ बाहेर पडते. बाजार, स्टेशन, महाविद्यालय अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत मात्र तो तापतच नाही. वाफेचे पाणी होऊन ते आत साचते आणि पत्र्याला गंज धरतो. त्यात पनवेलची दमट, खाडीवरची हवा बाहेरूनही आपले काम करीतच असते.

नवा सायलेन्सर घ्यायला मी माझ्या भाच्याबरोबर कळंबोलीतल्या एका दुकानात गेले. दुकानदाराने पहिलाच प्रश्न विचारला, "कंपनीचा की बाहेरचा?" मोटार बनवणाऱ्या कंपनीखेरीज इतर कोणी बनवलेला सुटा भाग म्हणजे 'बाहेरचा'. घरचे जेवण आणि बाहेरचे जेवण, घरचा माणूस आणि बाहेरचा माणूस या जोड्यांतला हा शब्द यंत्राच्या व्यवहारात किती सहज येऊन बसला आहे, ते पाहा. ही कल्पना कोणाला समजावून सांगावी लागत नाही. बाहेरच्यातही दोन प्रकार होते. एक मूळ भागाच्या मापाचा आणि तेवढाच शांत. दुसरा चकचकीत, रुंद तोंडाचा, "आवाज देणारा". भाच्याला अर्थातच दुसरा हवा होता. मी पहिला घेतला. त्याचे कारण पुढे येईलच.

सायलेन्सर घरीच बसवायचे ठरले, कारण आमच्या इमारतीत एसटीच्या कार्यशाळेतून निवृत्त झालेले एक काका राहतात. सातवीपर्यंत शिकलेले, हाताने अत्यंत नेमके. त्यांनी आदल्या रात्रीच गंजलेल्या बोल्टांवर तेल सोडून ठेवायला लावले. सकाळी, इंजिन पूर्ण थंड असताना, सपाट जागी गाडी उभी केली. पुढच्या चाकांना दगडांची उटी लावली. मागचा भाग जॅकने उचलून भक्कम स्टँडवर टेकवला. केवळ जॅकवर तोललेल्या गाडीखाली कोणीही शिरायचे नाही, हा त्यांचा पहिला नियम. दुसरा नियम असा, की पुढच्या बाजूला असलेल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरला आणि त्याच्याजवळच्या ऑक्सिजन सेन्सरला हात लावायचा नाही. कन्व्हर्टरमधल्या प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियम या धातूंच्या थरावरून जाताना विषारी वायूंचे बऱ्याच अंशी निरुपद्रवी वायूंत रूपांतर होते. आम्हाला बदलायचा होता, तो त्याच्या मागचा डबा.

मी वही घेऊन शेजारी बसले होते. काका बोलत होते आणि मी टिपून घेत होते. "नटाला चौदाचा रिंग पाना लाव. जोर एकदम नको, आटे जातील." "हा वायसर बदल." "बोल्टाचं डोकं झिजलंय, पकडीनं धर." "पाइपला इथं पूर्वी कोणीतरी टाका मारलाय." या चार वाक्यांत भाषाविज्ञानाचा एक पूर्ण घटक सामावलेला आहे. इंग्रजी 'वॉशर'चा 'वायसर' झाला, कारण शब्द कानाने आला, डोळ्यांनी आला नाही. वेल्डिंगच्या ठिपक्याला 'टाका' म्हणताना शिंप्याचा शब्द लोहाराकडे गेला. 'आटे' हा मळसूत्राच्या चरांसाठी असलेला शब्द तर इतका अंगवळणी पडला आहे, की माणसाच्या डोक्याचेही आटे ढिले होतात.

याहून महत्त्वाची गोष्ट सामान्यरूपाची. काका 'नटाला', 'बोल्टाचं' म्हणतात. पण 'सेन्सरला', 'कन्व्हर्टरला' म्हणतात. प्रत्यय लागताना शब्दाच्या शेवटी जो बदल होतो, त्याला आपण सामान्यरूप म्हणतो, हे तुम्ही शिकला आहात. 'टेबलावर', 'पेनाने' असे आपण म्हणतो आणि 'लॅपटॉपवर' म्हणताना तो बदल करीत नाही. परका शब्द भाषेत बराच काळ राहिला, पुष्कळ तोंडांतून गेला, की अनेकदा मराठी व्याकरण त्याला आपल्या पंगतीला बसवते. नट आणि बोल्ट पंगतीत बसले आहेत. सेन्सर अजून दाराशी उभा आहे. हा निर्णय कोणत्याही समितीने घेतलेला नाही. तो काकांसारख्या हजारो माणसांनी, काम करता करता, नकळत घेतला आहे. आणि ते काका मला म्हणाले, "आमचं कसलं मराठी, मॅडम! निम्मं इंग्रजी आणि निम्मं तेल."

या वाक्याचे मला हसू आले नाही. 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज 'मेस्त्रे'वरून आला. त्याचा अर्थ उस्ताद, गुरू. घमेले, चावी, बिजागरी हेही तिकडचेच. हे शब्द दरबारी लेखकांनी आणलेले नसावेत. गवंडी, सुतार आणि खलाशी यांच्या हातांतून ते आले असावेत. आज आपण त्यांना शुद्ध मराठी समजतो. मग कालच्या कारागिराचा शब्द मराठी आणि आजच्या कारागिराचा शब्द 'तेल', हा न्याय कोणता?

आता सायलेन्सर बसवू. काकांनी जुना सायलेन्सर ज्या रबरांवर टांगला होता, त्यांना साबणाचे पाणी लावले आणि तो अलगद सोडवला. नवा त्याच्याशेजारी ठेवून मापे ताडली. जोडावर नवी गॅस्केट घातली, सगळे बोल्ट आधी हातानेच बसवले, सायलेन्सर कुठे पत्र्याला घासत नाही ना ते पाहिले आणि मगच पुढून मागे एकेक बोल्ट आवळला. शेवटी, उघड्या हवेत इंजिन सुरू करून जोडांवर साबणाचे पाणी सोडले. बुडबुडे आले असते, तर गळती समजली असती. धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही आणि वासही नाही. तो गाडीत शिरला, तर कळण्याआधीच माणूस गुंगीत जातो. म्हणून ही शेवटची परीक्षा टाळायची नसते.

भाचा अजून नाराज होता. त्याला मी आवाजाचे गणित सांगितले. चार सिलिंडरच्या इंजिनात प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेट घेतो. मिनिटाला 2000 फेऱ्यांचा वेग धरला, तर मिनिटाला 4000 स्फोट. म्हणजे सेकंदाला जवळपास 67. सायलेन्सरच्या आतल्या कप्प्यांत आणि सच्छिद्र नळ्यांत या स्फोटांच्या लाटा उलटसुलट आपटतात आणि एकमेकींना बऱ्याच अंशी विझवतात. मोटारसायकलच्या सायलेन्सरमधल्या अशा नळीला आपल्याकडची मुले 'पुंगळी' म्हणतात. 'पुंगळी काढली' म्हणजे सायलेन्सरचा आत्माच काढला. मग उरतो तो 'फटाका सायलेन्सर'. गप्प करणारा, पण फटाक्यासारखा वाजणारा! शब्दाने आपल्याच अर्थाविरुद्ध केलेले असे बंड क्वचितच पाहायला मिळते.

कायद्याने मात्र अर्थ सोडलेला नाही. 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतला 120 वा नियम सायलेन्सरची ओळख त्याच्या कामावरून देतो : बाहेर पडणाऱ्या वायूंचा आवाज शक्य तितका कमी करणारे साधन. त्याचा आकार आणि चकाकी यांचा तिथे प्रश्नच येत नाही. 2000 च्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा घातली आहे. महाराष्ट्रातल्या अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या कर्णकर्कश सायलेन्सरांवर रोडरोलर फिरवला, ही बातमी तुम्ही वाचली असेल. मी भाच्याला एवढेच म्हटले, की आपल्या खालच्या मजल्यावर एक आजी आहेत आणि एक तान्हे बाळ आहे. वस्तूच्या नावाने दिलेले वचन ती वस्तू त्यांच्यापुरते तरी पाळू दे. काकांनी सायलेन्सरवर कान रोखून दिलेला निर्णय याहून संक्षिप्त होता : "गप्प बसला. म्हणजे बसला."

'बसणे' या एका क्रियापदाचे दोन अर्थ त्या वाक्यात किती चपखल बसले आहेत! या वाक्याचा कर्ता स्वतःला मराठी येत नाही असे समजतो, हीच मला आपल्या शिक्षणाची सर्वांत मोठी उणीव वाटते.

मराठीच्या शब्दसंग्रहाचा इतिहास दोन वाटांनी गेला आहे. शिवाजी महाराजांच्या काळातल्या राज्यव्यवहारकोशाने फारसी शब्दांना संस्कृत पर्याय दिले. राज्यकारभाराला स्वतःची भाषा हवी होती आणि ती गरज खरी होती. दुसरी वाट संग्रहाची. मोल्सवर्थच्या 1831 च्या कोशात, आणि 1857 च्या त्याच्या वाढवलेल्या आवृत्तीत, लोकांच्या तोंडचे, व्यवहारातले शब्द मोठ्या प्रमाणावर नोंदले गेले. त्रिंबक नारायण आत्रे यांनी 1915 मध्ये 'गावगाडा' लिहिला आणि बलुतेदारांच्या जगाबरोबर त्यांची भाषाही कागदावर आली. आज ते व्यवसाय पालटले, काही बुडाले. शब्द उरले, ते कोणीतरी लिहून ठेवले म्हणून. वायसर, टाका आणि पुंगळी यांचीही वेळ उद्या येईल. विजेवर चालणाऱ्या मोटारीला सायलेन्सर लागतच नाही.

म्हणून या घटकाचा स्वाध्याय नेहमीच्या उदाहरणांवर भागवू नका. तुमच्या कामाच्या ठिकाणचे पन्नास शब्द लिहून काढा. प्रत्येकाचे लिंग पाहा, सामान्यरूप होते का ते तपासा, उच्चार कसा बदलला ते नोंदवा आणि तो शब्द तुम्हाला कोणी शिकवला हेही लिहा. शेवटचा रकाना मोकळा ठेवू नका. भाषाविज्ञानाच्या पुस्तकांत या माणसांना जागा नसते. ती जागा तुमच्या वहीत मिळू द्या.