गंज कुणाचा?

जून-जुलैच्या मासेमारीबंदीत इंद्रलोकातील एका कोळी भाविकाच्या घरी गेलो होतो. उत्तनच्या होडीवरील स्टेनलेस स्टीलच्या कड्या नि आकडे घरी आणून तो सज्जात घासत बसला होता. मदतीच्या उत्साहात मी स्वयंपाकघरातली लोखंडी तारेची घासणी उचलली आणि एक कडी लख्ख केली. आठवड्याने पाहतो तो नेमक्या त्याच कडीवर तांबूस ठिपके!

‘फादर, घासणीचा चुरा तिच्यात राहिला,’ तो हसून म्हणाला. त्याने ती गोड्या पाण्याने धुतली, मऊ फडक्यावर पॉलिश घेऊन रेषांच्या दिशेने हळुवार घासली, पुन्हा धुऊन कोरडी केली.

या पोलादात किमान १०.५ टक्के क्रोमियम असते. प्राणवायूशी संयोग होऊन त्याचा अदृश्य थर पृष्ठभागावर बसतो. खारे पाणी तो थर भेदते. परंतु मळ निघाला, हवा लागली की तो आपोआप पुन्हा धरतो.

पापनिवेदनाला आलेल्या माणसांना मी अनेकदा कठोर शब्दांनी घासले आहे. त्यांच्यावर नंतर उठलेला गंज त्यांचा नव्हता, माझ्या घासणीचा होता. त्या शनिवारी पापनिवेदन ऐकावयास बसलो, तेव्हा प्रथम मीच क्षमा मागितली.