आधी रेकॉर्डिंगची प्रत काढ

चि. मुक्ता,


काल फोनवर तू सहज म्हणालीस, "व्हिडिओ चालू असताना संगणक गोठतो मामा, पण बटण दाबून धरलं की होतो परत सुरू. आता सवय झालीय." तेव्हापासून मला चैन नाही. बिघाडाची कसली सवय लावून घेतेस?

आणि वर विचारतेस, लिनक्सच काढून टाकू का. काढायचं तर काढ, पण कारण कळल्यावर. दोष रॅममध्ये असला तर विंडोजमध्येही तो तुझा पिच्छा सोडणार नाही.

व्हिडिओच्याच वेळी का, हा तुझा प्रश्न मात्र मला फार आवडला. व्हिडिओ म्हणजे प्रोसेसरला जड काम, असं आपण धरून चालतो. पण हार्डवेअर डिकोडिंग चालू असलं की बहुतेक काम ग्राफिक्स चिप उचलते आणि प्रोसेसर मधेमधे रिकामा राहतो. सेकंदाला 24 फ्रेम धरल्या तर एकेका फ्रेमच्या वाट्याला जेमतेम 42 मिलिसेकंद येतात. तेवढ्यात तो झोपतो, उठतो, परत झोपतो. 2013 साली आलेल्या बे ट्रेल पिढीच्या प्रोसेसरांचं नेमकं इथेच अडलं होतं. लोकांनी प्लेअर बदलले, ब्राउझर बदलले, रॅमवर संशय घेतला. 2015 मध्ये कर्नलच्या बगझिलावर 109051 क्रमांकाची तक्रार नोंदली गेली आणि जगभरचे लोक तिथे आपापली निरीक्षणं लिहीत राहिले. तात्पुरता उपाय निघाला तो एका ओळीचा: बूट होतानाच कर्नलला बजावायचं की प्रोसेसरला गाढ झोपेत जाऊ देऊ नकोस, सी-वन या पहिल्या पायरीवरच थांबव. बॅटरी जास्त जायची, पण गोठणं थांबायचं. नोंदी ठेवणाऱ्यांनी हे शोधलं, मुक्ता, बटण दाबून मोकळं होणाऱ्यांनी नाही.

तुझा संगणक त्या पिढीचा नाही. तेव्हा ती ओळ कुठून तरी उचलून ग्रब या बूटलोडरमध्ये घालू नकोस.

तू ड्रायव्हर, कर्नल आणि ब्राउझर एकाच संध्याकाळी बदललेस, हे ऐकून तर मी कपाळाला हात लावला. आता बरं वाटलं तरी कशाने बरं वाटलं, हे कसं कळणार? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, तारीख घालून वहीत लिहायची आणि थांबायचं. आठवड्यातून एकदा गोठणारं मशीन दोन दिवस नीट चाललं, यावरून काहीच ठरत नाही. वही हवीच. आक्का दुधाचा हिशेब ठेवायच्या तशी, रोजच्या रोज.

पुढच्या वेळी गोठला की आधी तो कितपत मेलाय ते बघ. आवाज चालू आहे का? कॅप्स लॉकचा दिवा लागतो-विझतो का? कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-थ्री दाबल्यावर काळा लॉगिन पडदा येतो का? येत असेल तर कर्नल जिवंत आहे, घोळ ग्राफिक्सच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. मग एमपीव्ही प्लेअरमध्ये हार्डवेअर डिकोडिंग बंद करून तोच व्हिडिओ लाव. काहीच हलत नसेल तर ऑल्ट आणि प्रिंट स्क्रीन धरून एस, यू, बी ही अक्षरं सावकाश, एकामागून एक दाब. एसने अडकलेलं लिखाण डिस्कवर उतरतं, यूने डिस्क फक्त वाचण्यापुरती उरते, बीने मशीन पुन्हा सुरू होतं. उबुंटूत या तिन्ही कळा चालू ठेवलेल्या असतात. सुरू झाल्यावर जर्नलसीटीएलने मागच्या बूटचा कर्नल लॉग काढ आणि शेवटच्या ओळी मला पाठव. लॉग काही न बोलता मधेच तुटला असेल तर उष्णता, रॅम, वीजपुरवठा यांच्याकडे वळायचं. रॅम तपासायला मेमटेस्ट रात्रभर लावून ठेव. पंख्यातली धूळ काढ, हे मी गणपतीतही सांगितलं होतं.

पण खरं सांगू, मला संगणकाची एवढी काळजी नाही. तू ज्या रेकॉर्डिंगांवरून ओव्या उतरवून घेतेस, त्यांत आक्कांच्याही आहेत ना? आणि त्यांची दुसरी प्रत नाही, असं तूच दिवाळीत म्हणाली होतीस. डिस्कवर लिखाण चालू असताना वीज तोडली तर फायली बिघडू शकतात, आणि तू ती पुन्हा पुन्हा तोडते आहेस. वर प्रबंधाची फाइलही त्याच डिस्कवर! आक्का आता पुन्हा गाणार नाहीत गं.

हे पत्र वाचून झालं की आजचं काम बाजूला ठेव. व्हिडिओ लावू नकोस. सगळं बाहेरच्या डिस्कवर उतरव, आणि उतरवलेल्या फायली दुसऱ्या मशीनवर उघडून बघ, नुसती नावं दिसली म्हणून समाधान मानू नकोस. डिस्क नसेल तर शनिवारी सकाळच्या गाडीने मी घेऊन येतो. मामीने शेंगदाण्याची चटणी केली आहे, तीही आणतो. प्रत निघाली की रात्री कितीही वाजले तरी फोन कर.

तुझा,
मामा