टोमॅटोची सुरी

पार पिकलेला, जरा जोरात धरला तर फुटेल असा टोमॅटो घ्या. त्यावर ही सुरी ठेवा. दाबू नका, नुसती आपल्याकडे ओढा. पातं सालीतून कधी आत गेलं ते कळतसुद्धा नाही! रस सांडत नाही, बिया बाहेर येत नाहीत, चकती कागदाइतकी पातळ पडते आणि ती चकती ताटावर आडवी झाली की तिच्यातून ताटाची नक्षी दिसते. मी एकामागून एक टोमॅटो चिरत सुटले. घरात मिळतील तेवढे सगळे चिरले, मग लिंबं, मग काकडी, मग लादीपाव. पावाचा चुरा पडला नाही. पाव चिरताना दबला नाही! स्वयंपाकघरात इतकी वर्षं वावरून ही गोष्ट माझ्यापर्यंत आत्ता पोचते आहे, आणि म्हणून हे सगळ्यांना सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

ही सुरी मी शोधली ती माझ्या आत्यासाठी, आणि आत्याला सुऱ्या अजिबात आवडत नाहीत. तिचा सगळा जन्म विळीवर गेला. मेथी, फरसबी, सुरण, फणसाचे गरे, सगळं विळीवर. नारळ खवायचा तो विळीच्याच टोकाला. आता गुडघे साथ देत नाहीत, जमिनीवर बसलं की उठवत नाही, म्हणून ओट्याशी उभं राहून चिरायची वेळ आली. घरात सुऱ्या होत्या, कुणी कुणी दिलेल्या. त्या खणात मागे ढकललेल्या. टोमॅटो नखाने फोडून ती आमटीत घालायची, पण सुरी हातात घ्यायची नाही.

मी तिला विचारलं, “आत्या, सुरीत तुला नक्की काय नको वाटतं गं?”

“विळीचं पातं कुठं आहे ते मला न बघता ठाऊक असतं,” ती म्हणाली. “ते जागचं हलत नाही. हलतो तो माझा हात. सुरी स्वतःच फिरते. आणि ते पुढचं टोक! ते कुणाकडे बघतंय ते कळत नाही.”

केवढं नेमकं सांगितलं तिनं! विळीत पाटावर पाय असतो, पातं पक्कं उभं असतं, दोन्ही हात भाजीवर असतात आणि भाजी धारेकडे जाते. सुरीत हे सगळं उलटं होतं. भाजी थांबते, धार चालते, आणि दोन हातांपैकी एक हात त्या चालत्या धारेच्या वाटेत असतो. धारेची भीती आत्याला कधीच नव्हती. विळीइतकी उघडी, उभी धार आणखी कुठल्या हत्याराला असते? तिला नको होतं ते टोक, नको होतं ते वजन, आणि नको होती ती घसरण. एवढं कळल्यावर दुकानात काय मागायचं ते मला अगदी लख्ख कळलं.

टोकाबद्दल तर मी वाचतच गेले. फ्रान्सच्या चौदाव्या लुईनं 1669 मध्ये जेवणाच्या टेबलावरच्या टोकदार सुऱ्यांवर बंदी आणली आणि सुऱ्यांची टोकं गोल करायला लावली. टेबलावरची सुरी आजही गोल टोकाची असते, तिच्यामागे हाही इतिहास आहे. आणि हे फार जुनं म्हणून सोडून द्यावं तर 2005 मध्ये लंडनमधल्या तातडीच्या उपचार विभागातल्या डॉक्टरांनी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये लिहिलं की लांब, टोकदार सुरीची घरच्या स्वयंपाकघराला गरजच नाही. त्यांनी नामवंत आचाऱ्यांना विचारलं होतं, आणि लांब टोकावाचून अडतं असं त्यांच्यापैकी कुणी सांगितलं नाही. म्हणजे आत्या जे ओट्यापाशी उभी राहून म्हणत होती तेच एका राजानं आणि डॉक्टरांनी म्हटलेलं! टोक नको असणाऱ्या माणसाला भित्रं म्हणायचं काही कारण नाही.

दुकानात मला आधी जे दाखवलं ते सगळं मी बाजूला ठेवलं. आठ इंची, रुंद पात्याची, आचाऱ्यांची असते तशी सुरी: सुंदर, पण आत्याच्या हातात ती तलवार झाली असती. पांढऱ्या सिरॅमिकची: हलकी आणि भलतीच धारदार, पण ओट्यावरून पडली की टवका उडतो. दोरी ओढून चिरायचं प्लॅस्टिकचं भांडं: कांद्याचा बारीक चुरा छान होतो, पण चकती कुठून मिळणार? घडीची, लाकडी मुठीची ओपिनेल सुरीसुद्धा पाहिली. फ्रान्सच्या साव्वा प्रांतातली, 1890 पासून बनते, आणि 1955 पासून तिच्या मानेवर फिरणारी धातूची कडी आहे, ती वळवली की पातं अचानक मिटत नाही. माझा जीव तिच्यात अडकला होता! पण आत्याला उघडा, वळवा, मिटा हे कशाला?

आणि मग काउंटरवरच्या पेल्यात उभ्या केलेल्या, पिवळ्या-लाल-हिरव्या मुठींच्या त्या सुऱ्या दिसल्या. व्हिक्टोरिनॉक्सची टोमॅटोची सुरी. पातं 11 सेंटिमीटर, टोक गोल, धार लहरी-लहरीची, आणि वजन म्हणाल तर हातात काही आहे असं वाटूच नये! किंमत काही शे रुपये. मला वाटलं होतं भेट म्हणून द्यायची सुरी मखमलीच्या पेटीत असते.

हीच ती कंपनी जी ‘स्विस आर्मी’ नावाचे लाल चाकू बनवते. कार्ल एल्सनरनं 1884 मध्ये श्वित्झजवळच्या इबाख या गावी कारखाना काढला, 1891 मध्ये स्विस सैन्याला पहिले चाकू दिले, आणि 1909 मध्ये आई वारल्यावर तिच्या ‘व्हिक्टोरिया’ या नावावरून मालाला नाव दिलं. पुढे 1921 मध्ये न गंजणारं पोलाद आलं आणि त्याचं फ्रेंच लघुनाव त्या नावाला जोडलं गेलं. कारखाना आजही इबाखलाच आहे. न गंजणारं पोलाद ही किती मोठी सोय आहे हे लोखंडी विळीवर कैरी चिरलेल्यांनाच कळेल. कैरीच्या फोडी काळ्या पडतात, पातं काळं पडतं, आणि चिरून झाल्या झाल्या विळी धुऊन पुसली नाही की दुसऱ्या दिवशी तांबूस गंज. इथे ती कटकटच नाही.

पण खरी जादू त्या लहरींत आहे, आणि ती समजल्यावर माझा आनंद दुप्पट झाला. टोमॅटोची साल चिवट आणि गुळगुळीत, आतला गर मऊ. साधी सुरी थोडी बोथट असली की सालीवरून घसरते, मग आपण जोर लावतो, मग टोमॅटो चेपतो आणि सुरी निसटून बोटाकडे येते. लहरी धारेत सालीला आधी लागतात ती फक्त लहरींची टोकं. हाताचा सगळा जोर त्या चार-सहा बिंदूंवर एकवटतो, म्हणून अगदी थोड्या जोरात साल फाटते, आणि मागोमाग लहरींच्या खोलगट भागातली धार गर कापत जाते. सुरी सालीत रुतते, घसरत नाही! आत्याला नको असलेली घसरण इथे संपते. आणि ताटात किंवा पाटावर चिरलं तरी खाली टेकतात ती टोकंच, खोलगट धार उचललेली राहते, म्हणून ही सुरी दीर्घकाळ धारदार राहते. घरात धार लावण्याची भानगड नाही. (घरच्या दगडावर ती लावताही येत नाही, हेही खरं.)

सगळं तिच्याच्यानं होतं असं मी म्हणणार नाही. कोथिंबीर बारीक करायला ती कामाची नाही. सुरण, लाल भोपळा, कच्चा फणस यांच्यासमोर तिला उभं करू नका. लहरी बहुधा पात्याच्या एकाच बाजूनं घासलेल्या असतात, त्यामुळे जाड फोडीत ती किंचित कलत जाते. पण टोमॅटो, लिंबू, काकडी, उकडलेला बटाटा, पिकलं केळं, पेरू, पाव, सँडविच! उभ्यानं, घाईत, एकट्या माणसासाठी जे रोज चिरायचं असतं त्यातलं बहुतेक सगळं ह्यात आलं. नारळ आणि मेथी विळीकडेच राहू देत. विळी काढून टाक असं आत्याला सांगणारी मी कोण?

आत्यासाठी पिवळी घेतली. रंग हा नुसता नखरा नाही. बेसिनमध्ये साबणाच्या फेसाखाली पडलेली काळ्या मुठीची सुरी दिसत नाही आणि हात सरळ धारेवर जातो. पिवळी मूठ लगेच दिसते. शिवाय पात्याला घालायचं एक प्लॅस्टिकचं म्यान घेतलं, कारण न आवडणारी वस्तू खणात उघडी पडलेली असली की खण उघडतानाच हात आखडतो. आणि एक लाकडी पाट. पाटाखाली ओलं फडकं घातलं की तो जागचा हलत नाही, हे तिला दाखवलं. तिला ते फार पटलं. निदान खालचं तरी काहीतरी विळीच्या पाटासारखं पक्कं झालं! भाजी धरलेल्या हाताची बोटं आत मुडपायची आणि पातं बोटांच्या पेरांना टेकवून चालवायचं, हे मात्र तिनं माझ्याआधी स्वतःच केलं. विळीनं घडवलेल्या हाताला शिकवावं लागत नाही.

धारदार वस्तू भेट दिली की नातं तुटतं असं आपल्याकडे किती घरांत मानतात! गंमत म्हणजे युरोपातही हाच समज आहे आणि त्यावरचा तोडगाही तिथे ठरलेला: घेणाऱ्यानं एक नाणं द्यायचं, की भेट नाही, खरेदी झाली. मी हे सांगताच आत्यानं देवघरातल्या डबीतून एक रुपया काढून माझ्या हातावर ठेवला. वर म्हणाली, “आता माझी झाली. परत मागायची नाही.”

मी कशाला परत मागू? मी माझ्यासाठी लाल आणली आहे, हॉस्टेलवर एका कपाटात संसार मांडून बसलेल्या भाचीसाठी हिरवी ठरवून ठेवली आहे, आणि ज्या ज्या घरी कुणी टोमॅटो चेपताना दिसेल तिथे मी हीच सुरी घेऊन जाणार आहे.