साहेबानं म्हटलेलं वाक्य

चि. श्रीरंग यास,

काय केलंस हे! राजीनाम्याच्या शेवटी फ्रेंच जनरल लक्लेरचं वाक्य? म्हणे मूर्खपणाचे हुकूम पाळायचे नसतात! आणि आता मलाच विचारतोस, ‘मामा, हा रणगाडेवाला मूळचा घोडदळातला ना?’

होता रे बाबा. १९२४ मध्ये सँ-सिरच्या लष्करी विद्यालयातून बाहेर पडला, सोमूरला घोडदळाचं शिक्षण घेतलं, मोरोक्कोत लढला. खरं नाव फिलिप द ओतक्लोक. १९४० मध्ये जर्मनांच्या तावडीतून निसटून लंडनला, लढा चालू ठेवणाऱ्या जनरल द गॉलकडे गेला आणि ‘लक्लेर’ झाला. का? मागे फ्रान्समध्ये राहिलेल्या बायकोवर नि सहा मुलांवर संकट येऊ नये म्हणून. बंडाआधी घरच्यांचा विचार केला त्यानं. तू ताईला सांगितलंस तरी का?

तुम्हा लोकांना बंडखोराचं शेवटचं वाक्य तेवढं हवं असतं, त्याआधीची तालीम नको. मार्च १९४१ मध्ये लिबियातलं कुफ्रा घेतलं तेव्हा त्याच्याजवळ धड तोफ एकच, आणि शपथ मात्र स्ट्रासबुर्गच्या कॅथेड्रलवर झेंडा फडकवेपर्यंत शस्त्र खाली न ठेवण्याची. ती पुरी झाली २३ नोव्हेंबर १९४४ ला. मधल्या काळात वाळवंट तुडवत त्रिपोली गाठली, मग मोरोक्कोत दुसरी आर्मर्ड डिव्हिजन उभी केली. रणगाडे अमेरिकेचे, माणसं द गॉलची, कालपर्यंत जर्मनांशी जुळवून घेणाऱ्या विशी सरकारची चाकरी केलेली, स्पेनमध्ये फ्रँकोकडून हरून आलेली. एका पंगतीला न बसणारी ही मंडळी त्यानं एका हुकमाखाली आणली. आज्ञा पाळून घेणं काय असतं, हे त्याला ठाऊक होतं.

आता पॅरिस. २१ ऑगस्ट १९४४ ला अमेरिकन वरिष्ठ जेरोला न विचारता त्यानं एक छोटी तुकडी पुढे धाडली, हे खरं. पण दुसऱ्याच दिवशी स्वतः जनरल ब्रॅडलीच्या मुख्यालयात जाऊन थांबला आणि परवानगी मिळाल्यावरच डिव्हिजन हलवली. तुझं ते वाक्य २४ तारखेच्या संध्याकाळचं. कॅप्टन द्रॉनला मागे फिरायचा हुकूम मिळाला होता. लक्लेरनं त्याला झापलं आणि थेट पॅरिसमध्ये घुसायला सांगितलं. द्रॉन त्याच रात्री नगरभवनाशी पोचला, दुसऱ्या दिवशी जर्मन सेनापती शरण आला.

म्हणजे बघ, ते वाक्य साहेबाचं आहे! वरिष्ठानं हाताखालच्याला दिलेली ती मोकळीक. परिणामाची जबाबदारी त्याच्या स्वतःच्या डोक्यावर. तू ते उलटं धरून साहेबाच्या तोंडावर फेकलंस.

आणि जिथं त्याचं चाललं नाही तिथं? १९४६ मध्ये इंडोचायनात तो सांगत होता, नुसत्या बंदुकीनं हे मिटणार नाही, व्हिएतनामी पुढारी हो ची मिन्हशी बोला. हायकमिश्नर दार्जांल्यूला ते पटलं नाही. लक्लेरनं सैन्य उलटवलं नाही. मत मांडलं आणि परत गेला. डिसेंबरात युद्ध पेटलंच. पुढच्या वर्षी अल्जीरियात विमान कोसळून तो गेला, अवघ्या पंचेचाळिसाव्या वर्षी. मार्शलपद मरणानंतर, १९५२ मध्ये.

असो. राजीनामा मंजूर झाला का? नोटिशीचे दिवस किती? फ्लॅटचा हप्ता कशातून भरणार आहेस? मागे धुळ्याला तुझं असलंच निस्तरायला नाना होते, आता कोण आहे? हे सगळं नीट लिहून कळव. फोन करू नकोस, फोनवर तू ओरडतोस. आणि ताईला हे माझ्याकडून कळायच्या आत तूच सांग.

तुझा,
मामा