हातांचा रकाना

सातारा शहरात राजवाड्याकडून पोवई नाक्याकडे उतरू लागले, म्हणजे डाव्या हाताच्या एका बोळात एक जुने दुमजली घर लागते. घरावर पाटी नाही. परंतु पहाटेच्या वेळी त्या बोळातून जाणाऱ्याला पाटीची गरजही भासत नाही. लोणी, साखर आणि भाजत आलेले पीठ यांचा संमिश्र सुवास त्याला थेट दारापर्यंत आणून सोडतो. या घरातील गृहिणीला आसपासची मुले ‘केकवाल्या काकू’ म्हणून ओळखतात. त्यांचे खरे नाव त्यांतील कित्येकांना ठाऊकही नसेल.

काकू केक करतात, पण ते दुकानात मांडून ठेवण्यासाठी नव्हेत. कुणी येऊन सांगावे आणि त्याच्यासाठी, त्याच दिवसासाठी, एकच केक घडावा, असा त्यांचा व्यवसाय आहे. कुणाला क्रिकेटची बॅट हवी असते, कुणाला पुस्तकांची चळत. एका नातवाने आजीच्या पंचाहत्तरीला तिच्या शिवणयंत्राचा केक करवून घेतला होता. त्यात सुईत ओवलेला दोराही होता, आणि तोही खाण्याजोगा! असा केक पाहिला की लोक प्रथम “वा!” म्हणतात आणि मग किंमत ऐकून गप्प होतात. ही शांतता काकूंच्या चांगल्या परिचयाची आहे.

एके काळी आपल्याकडे केक ही परक्या घरची वस्तू होती. काकूंच्या लहानपणी मैदा, साखर आणि तूप घरून घेऊन बेकरीत जायचे, तेथे बसून ननखटाईचे गोळे वळायचे आणि भट्टीतून निघालेले पत्रे राखत उभे राहायचे, एवढीच काय ती भाजण्याची ओळख. तेथे मजुरी भट्टीवाल्याची, साहित्य आपले. कशाचे किती, हे लहान मुलालाही दिसत असे. आता साहित्य आणि मजुरी एकाच खोक्यात बंद होऊन येतात, आणि माणसाला फक्त साहित्य दिसते.

वास्तविक साहित्यही काही क्षुल्लक नसते. ब्रिटनच्या राजकन्या एलिझाबेथ यांचा विवाह 20 नोव्हेंबर 1947 रोजी झाला. त्या वेळी महायुद्ध संपून दोन वर्षे झाली होती, तरी त्या देशात साखरेवर आणि लोण्यावर नियंत्रण होते. लग्नाचा चार मजली केक सुमारे नऊ फूट उंच. त्याला लागणारे जिन्नस ऑस्ट्रेलियातील गर्ल गाइड मुलींनी जमवून धाडले. ‘दहा हजार मैलांचा केक’ असेच त्याचे नाव पडले. राजवाड्यातल्या केकचीही अशी कथा. मग साताऱ्यातल्या बोळाची काय कथा सांगावी!

काकूंजवळ एक लांबट वही आहे. प्रत्येक केकला एक पान. पहिली काही वर्षे त्या पानावर फक्त जिनसांची यादी असे: मैदा, लोणी, अंडी, खोका. बेरजेवर शंभर-दीडशे रुपये चढवून त्या किंमत सांगत आणि घेणारा खूश होऊन जाई. वर्षअखेरीस मात्र काकूंच्या लक्षात आले की, पाठदुखी तेवढी शिल्लक पडली आहे. एके दुपारी त्यांच्या सासूबाईंनी ती वही चष्मा लावून शेवटपर्यंत वाचली. सासूबाईंनी तरुणपणी मजुरीने पापड लाटले होते. किलोमागे किती पैसे, हे त्यांना झोपेतही सांगता आले असते. वही मिटून त्या एवढेच म्हणाल्या, “सगळे लिहिलेस, पण तुझे हात कुठे लिहिलेस?”

त्या दिवसापासून वहीत एक नवा रकाना आला. त्याच्या डोक्यावर काकूंनी लिहिले : ‘हात’.

रकाना आखणे सोपे. तो भरणे कठीण. आणि त्याहून कठीण म्हणजे त्यातला आकडा समोरच्या माणसाला मान खाली न घालता सांगणे.

मे महिन्याच्या अखेरीस एके सायंकाळी एक मुलगी काकूंकडे आली. नुकतीच दहावीची परीक्षा झालेली, अंगाने किरकोळ, डोळ्यांत मात्र निश्चय. तिचे वडील एस. टी.चे चालक. 31 मे रोजी ते सेवानिवृत्त होणार होते. त्यांची जन्मतारीख 1 जून. म्हणजे शाळेत नाव घालताना गुरुजींनी लिहिली ती. त्या पिढीतल्या कितीतरी माणसांचे वाढदिवस याच एका दिवशी येतात. योगायोग असा की, एस. टी.चाही वाढदिवस तोच. 1 जून 1948 रोजी पुणे आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, यांच्या दरम्यान पहिली एस. टी. धावली. मुलीला वडिलांसाठी एस. टी.चा केक हवा होता. लाल रंगाची गाडी, पुढे ‘सातारा–महाबळेश्वर’ अशी पाटी, टपावर सामान, आणि चालकाच्या बाजूच्या खिडकीत एक हात बाहेर काढलेला.

काकूंनी वही उघडली. लोणी 290 रुपये, अंडी 70, मैदा, साखर, कोको वगैरे मिळून 130, चॉकलेट 300, साय 90, वर लपेटायचे साखरेचे फाँडंट 400, रंग 80, पाट व खोका 110, वीज 50. एकूण 1520. मग ‘हात’ या रकान्यात 14 तास. तासाला 120 प्रमाणे 1680. बेरीज 3200 रुपये.

मुलीने हातातली पुरचुंडी घट्ट धरली. तीत 2500 रुपये होते. “काकू, बेकरीत 500 रुपयांत किलोभर केक मिळतो,” ती हलकेच म्हणाली.

हे वाक्य काकूंनी शेकडो वेळा ऐकले होते. कधी त्या चिडत, कधी निमूटपणे आकडा खाली आणत. या वेळी त्यांचे लक्ष मुलीच्या बोटांकडे गेले. बोटांची टोके काळपट तांबडी झाली होती. “मेंदी काढतेस?”

“हो. या लग्नसराईत काढली. त्याचेच हे पैसे.”

“मेंदीचा कोन केवढ्याला मिळतो ग?”

“पंधरा रुपयांना.”

“आणि तू दोन्ही हातांचे पंधराच घेतेस?”

मुलगी प्रथम हसली. मग तिचा चेहरा गंभीर झाला. एका नवरीच्या मावशीने तिला अगदी हेच ऐकवले होते. कोन तर पंधराला येतो, मग पाचशे कशाचे? त्या रात्री नवरीच्या पायाशी चार तास बसून तिची मान अवघडली होती. ती काही वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “काकू, मी तुमच्या हाताखाली सहा तास काम केले, तर ते तास तुम्ही वजा कराल का?”

काकूंनी सहा गुणिले एकशेवीस असा हिशेब केला, 720 रुपये वजा घातले आणि 2480 हा आकडा लिहून खाली रेघ ओढली. हिशेबाच्या दृष्टीने ही चूकच होती. शिकाऊ हाताचा तास आणि मुरलेल्या हाताचा तास सारखा नसतो, उलट शिकवण्यात आणखी वेळ जातो. काकूंना हे कळत नव्हते असे नाही.

काम पहाटे चार वाजता सुरू झाले. मे महिन्यात उजाडल्यावर लोणी पातळ होते आणि साखरेबरोबर फेटताना त्यात हवा धरत नाही. केकचा हलकेपणा तर त्या हवेच्या बारीक बुडबुड्यांतच असतो. मुलीने मैदा, कोको आणि बेकिंग पावडर तीनदा चाळली. मैदा घातल्यावर मात्र मिश्रण जोराने घोटायचे नाही, नाहीतर पीठ चिवट होऊन केक भाकरीसारखा होतो. भट्टीत केक फुगू लागला तेव्हा मुलगी उतावळेपणाने दार उघडू पाहत होती. काकूंनी तिचा हात धरला. अर्धवट भाजलेल्या केकला थंड हवा लागली की तो मध्येच बसतो, आणि बसलेला केक कुणाच्याने उठत नाही.

ताज्या केकवर सुरी चालवता येत नाही. तो भुगा होतो. म्हणून एक रात्र तो गार होऊ द्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी थर लावून, गाडीच्या आकारात कोरून, त्यावर काकूंनी गनाशचा, म्हणजे साय व चॉकलेट यांच्या घट्ट मिश्रणाचा लेप दिला. थंड हवेत साय जास्त चालते, उन्हाळ्यात चॉकलेट सायीच्या दुपटीहूनही अधिक घ्यावे लागते. मुलीला सर्वांत नवल वाटले ते चाकांचे. तिची समजूत होती की, गाडी चाकांवर उभी राहील. परंतु केकच्या गाडीत चाके नुसती शोभेची असतात. गाडीच्या पोटाखाली काळ्या रंगाने लपवलेला एक अरुंद ठोकळा असतो आणि सगळा भार तो सोसतो. कुणाला तो दिसता कामा नये, यातच त्याची कामगिरी.

लाल रंग हा मोठा लबाड रंग. पांढऱ्या फाँडंटमध्ये तो घालावा तर आधी गुलाबी दिसतो. अधीर होऊन आणखी घातला की केक कडू लागतो. म्हणून थोडा कमीच घालून झाकून ठेवायचा. रात्रीतून तो आपोआप गडद होतो. मुलीने तो गोळा मळला आणि तिच्या मेंदीच्या बोटांवर दुसरा लाल थर चढला. मग बसून तिने खिडक्या कापल्या. पहिल्या चार वाकड्या झाल्या. काकूंनी त्या मोडून पुन्हा गोळ्यात घातल्या. पाचवी नीट आली.

31 मेच्या दुपारी गाडी तयार झाली, आणि तीनच्या सुमारास अजिंक्यताऱ्यावर ढग दाटून आले. वळीव कोसळला. वीज गेली. घरातली हवा दमट झाली. फाँडंट हवेतला ओलावा ओढून घेते, त्यामुळे गाडीला घाम फुटू लागला. टपाजवळून लाल रंगाचा एक ओघळ निघाला आणि पाटापर्यंत आला. काकूंनी खिडक्या लावल्या, हातपंखा घेतला आणि दोघींनी पाळीपाळीने पाऊण तास वारा घातला. ओघळ पुसता येत नव्हता, कारण ओल्या फाँडंटला बोट लागले की ठसा उमटतो. हा वेळ वहीतल्या 14 तासांत धरलेला नव्हता. असा वेळ कधीच धरलेला नसतो.

वीज साडेचारला आली. पाचला रिक्षा. उतारावर एका गतिरोधकावर रिक्षा उडाली आणि खोक्याला आपटून गाडीचा मागचा उजवा कोपरा चेपला. काकूंच्या डोळ्यांत पाणी आले. दुरुस्तीला साहित्य नव्हते, वेळ नव्हता. इतकी वर्षे केक करूनही या एका गोष्टीची त्यांना सवय झालेली नाही.

आगाराच्या विश्रांतिगृहात वाहक, चालक आणि यंत्रशाळेतली माणसे जमली होती. महाबळेश्वरहून शेवटची फेरी आणून, हजेरी देऊन, चालक आत आले. खोके उघडले गेले. ते काही बोलले नाहीत. गाडी हाती घेण्यापूर्वी चालक जसा तिच्याभोवती फिरतो, तसे ते टेबलाभोवती सावकाश फिरले. पुढचे दिवे पाहिले, चाके पाहिली, पाटी वाचली. खिडकीतून बाहेर आलेला हात पाहून किंचित थांबले. मागच्या कोपऱ्याशी आल्यावर वाकून म्हणाले, “उजवीकडे मागे घासली आहे. नोंद केली का?”

सगळे हसले. काकू ओशाळून खुलासा करू लागल्या, पण त्यांनी हात हलवला. “असू द्या, बाई. न घासलेली गाडी मी आजवर चालवली नाही.”

नंतर त्यांनी मुलीचे लाल हात पाहिले आणि मग काकूंचे. काकूंच्याही नखांत तोच रंग होता. सुरी हातात देताच त्यांनी ती पुढून न लावता अगदी मागच्या आसनापासून सुरुवात केली आणि एकेक रांग कापत प्रत्येकाला बसल्या जागी नेऊन दिली. चालकाची खोली शेवटपर्यंत उभी होती. ती कापायला त्यांनी मुलीला सांगितले.

मुलीने उरलेले वीस रुपये काकूंकडून मागून घेतले. काकूंनीही ते मोजून दिले. चार दिवसांनी ती पाट परत घेऊन आली. पाटावर, झाकलेल्या वाटीत, कंदी पेढे होते. रिकामा पाट कसा द्यायचा, असे आईने सांगितले होते. पाट घासून स्वच्छ केला होता. कडेला एक लाल डाग तेवढा राहिला होता. काकूंनी तो लिंबाने आणि सोड्याने घासून पाहिला. डाग अजून आहे.