जाहराचे बिनव्हिशाचे पाहुणे

कुवेतमध्ये पक्षी बघायला जातो म्हटले की मंडळी हसतात. "अहो, वाळू आणि एसी सोडून इथे आहे काय?" मलाही तसेच वाटे. मग एका हिवाळ्यात मित्राने हाती दुर्बीण दिली आणि जाहराच्या तळ्यांवर नेले.

ही तळी शुद्ध केलेल्या सांडपाण्यावर तगून आहेत. भोवती बोरूची दाट बेटे. उत्तरेकडून आफ्रिकेकडे जाणाऱ्या पक्ष्यांचा हा मुक्काम. ना इकामा, ना सिव्हिल आयडी! दमले की उतरायचे, पोट भरले की निघायचे. आपले तरी फार वेगळे काय आहे म्हणा! पलीकडे खाडीच्या चिखलात रोहित पक्षी उभे दिसले आणि एकदम शिवडी आठवली.

बुबियान बेटावर क्रॅब प्लव्हर हा काळा-पांढरा पक्षी वाळूत बीळ खणून एकच पांढरे अंडे घालतो. तापलेली वाळूच अंडे उबवायला मदत करते. ज्या उन्हाला आपण शिव्या देतो, त्यावर त्याचा संसार! तिथले मुबारक अल कबीर अभयारण्य 2015 साली कुवेतचे पहिले रामसर स्थळ ठरले.

याच भूमीवर 1991 साली सहाशेहून अधिक तेलविहिरी पेटवल्या गेल्या. शेवटची आग 6 नोव्हेंबरला विझली. वाळवंटात साचलेल्या तेलाला पाणी समजून पक्षी उतरले आणि तिथेच रुतले.

पण युद्धाला दोष देऊन आपण सुटत नाही. गेल्या थंडीत आमची सहल निघाली, तेव्हा आमच्याही गाड्या वाट सोडून झुडपांवरून गेल्या. "काट्याकुट्याच तर आहेत," असे मीच म्हणालो होतो. ती झुडपे अरफजची होती, हे मागाहून कळले. अरफज म्हणजे कुवेतचे राष्ट्रीय फूल. वसंतात पिवळे फुलते आणि एरवी वाळू धरून ठेवते. ते गेले की वाळू मोकळी होते. मग धुळीच्या वादळात खिडक्या लावत आपणच कुरकुरतो!

सबाह अल अहमद अभयारण्यात कुंपणाच्या आत हीच झुडपे पुन्हा वाढली आहेत. आपल्याकडे देवराईतली काडीही देवाच्या धाकाने कुणी उचलत नाही. इथे कुंपणाचा धाक. धाकाशिवाय माणूस काहीच राखत नाही का, हा प्रश्न मला छळतो.

उत्तर माझ्याकडे नाही. पण येत्या सहलीला गाडी वाटेवरच राहील, आणि कचऱ्याची पिशवी आमच्याबरोबर घरी येईल. एवढे तरी बिनधाकाचे जमावे!