काळा चेंडू हुकलेला माणूस

१७ एप्रिल २०१६, रविवार, लेस्टर

स्टीव्ह डेव्हिसने आज खेळ सोडला. जागतिक स्नूकर स्पर्धा कालच शेफिल्डच्या क्रुसिबलमध्ये सुरू झाली. आज बीबीसीवर बोलता बोलता त्याने सांगून टाकलं, मग जागतिक स्पर्धेचा करंडक घेऊन टेबलापाशी गेला. लोक उभे राहिले आणि बराच वेळ बसलेच नाहीत. यंदाच्या पात्रता फेरीत तो फर्गल ओब्रायनकडून १०-४ असा हरला होता. पण खरं कारण घरचं. वडील, बिल डेव्हिस, मागच्याच महिन्यात गेले. जो डेव्हिसचं (आडनाव एक, नातं नाही) जुनं पुस्तक समोर ठेवून या बापाने पोराला क्यू धरायला शिकवलं होतं. बघणाराच उरला नाही, तर खेळायचं कोणासाठी?

१९ एप्रिल, मंगळवार

खरं सांगायचं तर ऐंशीच्या दशकात हा माणूस मला सहन होत नसे. आमचा जीव अलेक्स हिगिन्स, जिमी व्हाइट अशा धडाकेबाज खेळाडूंवर. डेव्हिस खुर्चीत ताठ बसायचा, पाण्याचा घोट घ्यायचा, उठून फ्रेम संपवायचा. १९८१ ते १९८९ मध्ये सहा जागतिक विजेतेपदं, सलग सात मोसम पहिला क्रमांक. १९८२ मध्ये ओल्डहॅमला टीव्हीवरचा पहिला १४७ चा कमाल ब्रेक त्याचाच. बक्षीस म्हणून स्वस्तातली लाडा मोटार मिळाली. एवढा पराक्रम करून लाडा! टीव्हीवरच्या बाहुल्यांच्या कार्यक्रमात त्याच्या कंटाळवाणेपणाची यथेच्छ टिंगल व्हायची आणि आम्ही मनापासून हसायचो.

हिला यातलं काही आवडत नाही. ‘इंग्रजांचे रिकामे उद्योग,’ म्हणाली. हा खेळ १८७५ मध्ये आपल्या जबलपूरच्या छावणीत निघाला, असं सांगितलं. ‘म्हणजे छावणीतल्या इंग्रजांचे,’ ती म्हणाली. यावर काय बोलणार!

२८ एप्रिल, गुरुवार

१९८५ च्या जागतिक अंतिम सामन्याला आज ३१ वर्षं झाली. संध्याकाळी शेवटची फ्रेम पुन्हा पाहिली. डेव्हिस ८-० ने पुढे होता, तिथून डेनिस टेलरने १७-१७ केलं. त्याचा तो उलटा लावल्यासारखा दिसणारा प्रचंड चष्मा! शेवटच्या फ्रेममध्ये टेबलावर चारच चेंडू, डेव्हिस ६२-४४ ने पुढे. टेलरने तपकिरी, निळा, गुलाबी घेतले. राहिला काळा. दोघेही आळीपाळीने चुकले. मग डेव्हिसला तो मिळाला, अगदी बारीक कट. गेला नाही. टेलरने घातला. मध्यरात्र उलटून गेली होती आणि बीबीसी टूसमोर १ कोटी ८५ लाख लोक जागे होते.

त्यानंतरची मुलाखत मात्र मी विसरलो होतो. बीबीसीचा डेव्हिड व्हाइन विचारतोय आणि डेव्हिसच्या तोंडून शब्द फुटत नाही. तोच माणूस आज बीबीसीवर दुसऱ्यांचे हुकलेले फटके उलगडून सांगून पोट भरतो.

ते काम तो उत्तम करतो. या खेळाच्या कॉमेंट्रीचा पायाच गप्प राहण्यावर आहे. जुने समालोचक टेड लोवे कुजबुजत बोलायचे, कारण लंडनच्या लेस्टर स्क्वेअर हॉलमध्ये त्यांना प्रेक्षकांतच बसून बोलावं लागे. डेव्हिस कुजबुजत नाही, पण फटका घेण्याआधी खेळाडू कशाला घाबरतोय ते सांगतो. पांढरा कुठे थांबणार, लाल सुटला तर पुढच्याला काय मिळणार, आणि सोपा पॉट सोडून हा सेफ्टी का खेळतोय. फक्त जिंकलेल्या माणसाला हे इतकं दिसलं नसतं. १९८२ मध्ये तो जागतिक स्पर्धेत गतविजेता म्हणून आला आणि पहिल्याच फेरीत टोनी नोल्सकडून १०-१ ने हरला. १९८६ च्या अंतिम सामन्यात जो जॉन्सनने हरवलं. ही शिदोरी स्टुडिओत कामी येते. त्यातही २०१० मध्ये, वयाच्या ५२ व्या वर्षी, त्याने गतविजेत्या जॉन हिगिन्सला १३-११ ने काढलं. समालोचकाने असं काही करून दाखवलं की त्याला उलट बोलायची सोय राहत नाही.

शिवाय हा गृहस्थ आता रात्री टेक्नो संगीत वाजवतो, डीजे म्हणून! कंटाळवाणे आम्हीच होतो.

२ मे, सोमवार

रस्त्यावर हॉर्न, फटाके. लेस्टर सिटी प्रीमियर लीग जिंकली. त्याच सुमारास आमच्याच गावचा मार्क सेल्बी शेफिल्डला डिंग जुन्हुईला १८-१४ ने हरवून जगज्जेता झाला. जागतिक अंतिम फेरी गाठणारा डिंग हा आशियातला पहिला. सुरुवातीलाच ०-६ ने मागे पडला, तरी झुंजला. २००५ मध्ये यॉर्कला यूके स्पर्धेच्या अंतिम सामन्यात याच डिंगने, तेव्हा १८ वर्षांच्या पोराने, ४८ वर्षांच्या डेव्हिसला १०-६ ने हरवलं होतं.

माझं मत विचाराल तर बीबीसीने डेव्हिसला स्टुडिओतल्या खुर्चीत कमी आणि कॉमेंट्रीच्या खोलीत जास्त बसवावं. फ्रेम संपल्यावरच्या गप्पा कोणीही मारेल. फ्रेम चालू असताना तो हवा.